आठ महिने ‘एमपीथ्रीटॅग’: पं., पंढरी आणि साडेचार हजार फायली

एका सकाळी गाडीच्या स्टिरिओवर भीमसेनजींच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसायला लागले. तिथून हे सगळं सुरू झालं. आदल्या रात्री मी गाणं ओळखून टॅग (फाइलच्या पोटात लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) आपोआप भरणाऱ्या एका प्रोग्रॅममधून अख्खा पेनड्राइव्ह काढला होता. सर्व्हिस सेंटरवाल्याने पेनड्राइव्ह लावूनसुद्धा न बघता निदान केलं, “साहेब, हिंदी सपोर्ट नाही. नवीन टचस्क्रीन बसवा, अठरा हजार.” म्हटलं, मराठी आहे ते. म्हणाला, तेच ते. कालपर्यंत याच डब्यावर देवनागरी दिसत होती हे पटवण्यात अर्धा तास गेला, वर तपासणीचे साडेतीनशे.

अठरा हजार वाचवायचे म्हणून दोन रात्री डोकं घातलं. कारण फालतू निघालं. त्या आपोआपवाल्या प्रोग्रॅमने टॅग आयडीथ्री २.४ मध्ये, यूटीएफ-८ ने लिहिले होते. (आयडीथ्री म्हणजे एमपीथ्रीत टॅग लिहायची ठरलेली पद्धत, यूटीएफ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची रीत.) माझा स्टिरिओ २.३ पर्यंतच शिकलेला, त्याला यूटीएफ-१६ लागतं. एमपीथ्रीटॅग या टॅग दुरुस्त करायच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लिहिण्याचा प्रकार बदलला, सगळ्या फायली निवडून परत सेव्ह केल्या, चौकोन गेले. खर्च शून्य, कारण विंडोजवर हा प्रोग्रॅम फुकट आहे (मॅकवाल्यांना पैसे पडतात). फक्त त्याच यादीत आयएसओ-८८५९-१ असाही पर्याय आहे, त्याला देवनागरीसाठी हात लावू नका. प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि ते परत उलगडत नाही. माझ्या चाळीस फायली अशा गेल्या, त्यांची नावं मी ऐकून ऐकून पुन्हा भरली.

जुना आयडीथ्री १ सुद्धा काढून टाका. १९९६ चा प्रकार आहे तो: फाइलच्या शेवटी १२८ बाइट, त्यात गायकाला ३०. देवनागरीच्या एका चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम १० चिन्हं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचं नुसतं ‘मल्लिकार्जुन’ १२ चिन्हांचं आहे.

इथवर मी या प्रोग्रॅमवर इतका खूश होतो की दोन मित्रांना बळंच बसवून दिला. मग ‘पं.’ सुरू झालं.

माझ्याकडे भीमसेन जोशी सात होते. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पं भीमसेन जोशी (टिंबाशिवाय), पंडित भीमसेन जोशी, भारतरत्न लावलेले एक, रोमन लिपीतले एक, आणि एक असे की दिसायला पहिल्यासारखेच, पण शेवटी एक मोकळी जागा. ते शेवटचे सापडायला महिना लागला. अभिषेकीबुवांचं ‘जितेंद्र’ अनुस्वाराने एकदा आणि ‘जितेन्द्र’ एकदा. फोनवर गायकांची यादी उघडली की ‘प’ खाली निम्मं हिंदुस्थानी संगीत, ‘उ’ खाली उरलेलं. मान द्यायचा तर मनात द्या की, रकान्यात कशाला? घरात यावरून माझी चेष्टा होते, होऊ दे. पण सात भीमसेन असताना ‘सगळे भीमसेन लाव’ म्हटलं की सातवा हिस्सा वाजतो.

तर मी सगळे ‘पं’ उडवायचं ठरवलं. या प्रोग्रॅममध्ये ‘हे शोध, ते ठेव’ असा नियम बनवून हजारो फायलींवर एकदम चालवता येतो. घाईत ‘पं’ पुढचं टिंब घातलं नाही, आणि गायकाच्या रकान्याऐवजी सगळे रकाने निवडले. वडिलांचा संग्रह अभंगांचा. सकाळी ते म्हणाले, “अरे, हे ढरीनाथ कोण?” पंढरपूरचं ढरपूर, पंढरीचं ढरी, आणि राग हिंदोल पंचम होता त्याचा हिंदोल चम. प्रोग्रॅमची चूक म्हणता येणार नाही, सांगितलं ते त्याने केलं. बॅकअप होता म्हणून वाचलो, पण तो तीन आठवड्यांपूर्वीचा. मधलं काम परत.

दुसरी मजा गंधर्वांची. त्या आधीच्या आपोआपवाल्याने क्रमासाठी आडनाव पुढे आणलं होतं. म्हणून बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व हे ‘गंधर्व’ आडनावाचे चार सख्खे भाऊ असल्यासारखे एका खाली एक. खरी नावं अनुक्रमे नारायणराव राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर गोरे आणि शिवपुत्र कोमकली. आधी वैतागलो, दुरुस्त करायला बसलो, मग तसंच ठेवलं. यादीत तो एकच घोळका बघायला मला आवडतो.

मत बदललं ते प्रकाराच्या (संगीताचा प्रकार, इंग्रजीत ‘जॉनर’) रकान्याबद्दल. आयडीथ्रीच्या मूळ ८० प्रकारांत पोल्का हे युरोपातलं नाचाचं संगीत आहे, खयाल नाही, म्हणून मी तो रकाना रिकामाच ठेवायचो. राग आणि ताल यांसाठी वेगळे रकाने बनवले. एमपीथ्रीटॅगमध्ये ते सहज होतं, पण माझा फोन ते दाखवतच नाही, चार महिन्यांची मेहनत कुणाला दिसेना. शेवटी राग थेट प्रकारात टाकला. शास्त्र सोडलं खरं, पण आता फोनवर ‘प्रकार’ उघडला की तोडी, भैरव, यमन, मारवा. संध्याकाळी मारवा दाबला की अमीर खाँ आणि वसंतराव देशपांडे पाठोपाठ येतात. आठ महिन्यांत सर्वांत उपयोगी झालेली गोष्ट हीच, आणि मी तीच सर्वांत उशिरा केली.

फाइलच्या नावांबद्दल एकच. गाडी टॅग नाही, फाइलच्या नावाचा क्रम पाळते. गीतरामायणाची ५६ गीतं १, १०, ११ अशी लागायची. त्यात ५० ते ५६ ही ६ च्या आधी येतात, म्हणजे लव-कुशांना रामायण गायला सांगून होतं आणि मग रामजन्म. आकड्याआधी शून्य लावायला दोन मिनिटं लागतात: टॅगवरून फाइलचं नाव बनवायचा पर्याय, त्यात क्रमांक दोन अंकी. वडील वर्षभर उलटं रामायण ऐकत होते, बोलले नाहीत.

स्टिरिओवर अजूनही पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, ‘किशोरी’चं ‘कशिोरी’ दिसतं. त्याला टॅगमध्ये इलाज नाही, टचस्क्रीन मी घेणार नाही. सध्या गीतकाराचा रकाना भरतोय, कारण भावगीतात कवीचं नाव कुणीच लिहून ठेवलेलं नाही. साधारण नऊशे गाणी उरलीत. ‘कै.’ कुठेही लावायचं नाही, हे आधीच ठरवून टाकलंय.