जुन्या स्विफ्टचं सस्पेंशन: जेन्युइन, कंपनीचा बॉक्स की लोकल?

गाडी २००९ची स्विफ्ट, लाखाच्या वर चाललेली, स्पीडब्रेकरवर पुढून कट-कट आवाज आणि मिस्त्री म्हणतोय चारी शॉकअप गेले, बदलून टाका. असं असेल तर पैसे काढायच्या आधी जरा थांबा. खालून आवाज आला की पहिला आळ शॉकअपवर येतो आणि बऱ्याचदा चोर निघतो लिंक रॉड (शॉकअपला स्टॅबिलायझर बारशी जोडणारी छोटी दांडी), जो सगळ्यात स्वस्त आणि अर्ध्या तासात बदलून होतो. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, वर येऊन थांबली तर शॉकअपमधे अजून जीव आहे, डुलत राहिली तर गेलाय. ढोबळ टेस्ट आहे ही, पण शॉकअपच्या रॉडवरून तेल ओघळलेलं दिसलं तर मग वादच नको.

आता दुकानात तुमच्यापुढे तीन पर्याय येतात. मारुतीच्या बॉक्समधला जेन्युइन, पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या बॉक्समधला (शॉकअपला गॅब्रिएल, मोनरो, बेअरिंगला एसकेएफ, एफएजी, एनबीसी, स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉड एंडला राणे वगैरे) आणि तिसरा लोकल, ज्याच्यावर नाव कुणाचंही असू शकतं. गाडी कंपन्या बेअरिंग किंवा शॉकअप स्वतः बनवत नाहीत हे खरं, पण म्हणून दुसऱ्या बॉक्समधला माल शंभर टक्के तोच असेल असं धरून चालू नका.

शॉकअपच्या बाबतीत मी सरळ दुसरा पर्याय घेतो. गॅब्रिएलचे कारखाने आपल्याच चाकणला नि नाशिकला आहेत, पुण्यात नाना पेठेत माल सहज मिळतो, आणि जेन्युइनपेक्षा जो फरक पडतो तो रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर मला तरी कधी जाणवला नाही. फक्त पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही असे जोडीनेच बदला, एक नवा एक जुना ठेवला की गाडी खड्ड्यात एका बाजूला वेगळीच वागते. पुढचं काम करताना वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग आणि बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर) पण बघून घ्या, कारण स्प्रिंग दाबून सगळं खोलायची मजुरी एकदा दिलीच आहे, दोन महिन्यांनी माउंटिंग वाजायला लागलं तर तीच मजुरी परत. आणि दुकानदाराला नुसतं "स्विफ्टचे द्या" सांगू नका, डिझेलचं इंजिन जड म्हणून तिची स्प्रिंग वेगळी, शिवाय पुढचा डावा-उजवा पण वेगळा. आरसीचा फोटो मोबाइलमधे असू द्या, चेसिस नंबरवरून पार्ट नंबर जुळवता येतो.

लोअर आर्मला (चाक खालून गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा) मात्र मी जेन्युइनच घेतो, इथे माझे हात पोळलेत. एकदा लोकल आर्म टाकले, जेन्युइनच्या निम्म्याहून कमी पैशात, खूश होतो, पाच महिन्यांत आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर चिरलं आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. दुसऱ्यांदा पार्ट, दुसऱ्यांदा मजुरी, दुसऱ्यांदा अलाइनमेंट, म्हणजे जेन्युइनपेक्षा महागच पडलं की. अर्थात सगळा दोष पार्टचा नव्हता हे नंतर कळलं. आर्मचे बोल्ट फायनल टाइट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर चाकं लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि चांगलं रबरसुद्धा लवकर फाटतं. तेव्हा गॅरेजमधे उभं राहून एवढं एक बघाच, मिस्त्रीने तोंड वाकडं केलं तरी चालेल. पॉलियुरेथेनचे बुश कुणी सुचवले तर, टिकतात खरे, पण खड्ड्यांचा प्रत्येक धक्का आत येतो आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतात, घरच्या गाडीला कशाला? बॉल जॉइंट नि टाय रॉड एंडमधे लोकलचा विचारच नको, तो निसटला तर चाक आपल्या ताब्यात राहत नाही.

व्हील बेअरिंगला एसकेएफ, एफएजी किंवा एनबीसी, तिन्हीतलं कुठलंही खऱ्या डीलरकडून बिल घेऊन आणा, डुप्लिकेट बॉक्स छापणं काही अवघड नाही. बेअरिंग कसं बसवतात हे ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. पुढचं बेअरिंग नकलमधे (चाकाचा हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग) प्रेसवर बसतं आणि जोर बाहेरच्या रिंगवर यायला हवा, हातोड्याने ठोकलं किंवा आतल्या रिंगवरून दाबलं की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवंकोरं बेअरिंग थोड्याच दिवसांत घूं-घूं करायला लागतं.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना माल घ्यायचा असेल तर नुसतं लोखंड घ्या, म्हणजे नकल, हब, मागचा बीम. रबर, शॉकअप, बेअरिंग जुनं नको.

चाकांचं बोलायचं तर लोखंडी डिस्क विरुद्ध अलॉय, माझं मत डिस्कच्या बाजूने आहे. खड्ड्यात आपटली तर वाकते, ठोकून सरळ होते, अलॉयला चीर जाते आणि वेल्डिंग केलेल्या अलॉयवर हायवेला माझा तरी भरवसा बसत नाही. तरी दिसण्यासाठी घ्यायचेच असतील तर चार बोल्ट १०० पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिमीमधे) बघा, मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) टाका नाहीतर ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरेल. १६५/८० आर१४ टायरवरून १५ इंचावर जाताना १८५/६५ घेतला तर उंची जेमतेम २ मिमीने वाढते, १८५/६० घेतला तर १६-१७ मिमीने कमी होते आणि स्पीडोमीटर जास्त दाखवायला लागतो. नट पण अलॉयला बसणारेच हवेत, आणि बसवल्यावर ५०-१०० किमी चालवून परत एकदा पान्याने आवळून घ्या, टायरवाला आपणहून सांगत नाही.