कोल्हापूरच्या पावसात चाळीस फुटी हॅम टॉवर: वापरानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात हॅम, म्हणजे हौशी रेडिओसाठी, आमच्या परड्यात १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट उंचीचा, तणाव्यांच्या (चहूकडून ओढून धरणाऱ्या तारांच्या) आधारावर उभा राहणारा त्रिकोणी जाळीचा टॉवर उभारला. माथ्यावर २० ते १० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यांसाठी हेक्सबीम (सहा दांड्यांवर तारा ताणलेला, फिरवता येणारा अँटेना) आहे, त्याच्याही वर १४५ मेगाहर्ट्झचा उभा अँटेना आहे, आणि माथ्याच्या थोडे खाली ४० मीटर पट्टीचा डायपोल (दोन सारख्या बाजूंचा तारेचा अँटेना) उलट्या व्हीच्या आकारात ताणलेला आहे. एक पूर्ण पावसाळा, एक हिवाळा आणि नुकताच सरलेला वळवाचा हंगाम या टॉवरने पाहिला असल्यामुळे त्याच्याविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. उभारणीच्या दिवशीचे कौतुक वाचून नव्या परवानाधारकाला फारसा उपयोग होत नाही. पाणी, वारा आणि ऊन खाऊन झाल्यावर काय टिकले आणि कशाकडे पुन्हा पुन्हा लक्ष द्यावे लागले, हे त्याला कळायला हवे.

उंचीचा निर्णय आधी सांगतो, कारण पुढचा सारा खर्च त्यावर ठरतो. १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २० मीटर पट्टीवर, १२ मीटर ही उंची अर्ध्या तरंगलांबीहून थोडी अधिक भरते, त्यामुळे प्रक्षेपण बऱ्यापैकी खालच्या कोनात जाते आणि दूरची स्थानके मिळतात. ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटर पट्टीवर, मात्र तीच उंची पाव तरंगलांबीच्या आसपास असते आणि ऊर्जेचा मोठा भाग सरळ वर जाऊन आयनमंडलावरून परत खाली येतो. दिवसा पुणे, सोलापूर, नाशिक या अंतरावरच्या स्थानकांशी स्पष्ट बोलता येते ते यामुळेच. ज्याला महाराष्ट्रातही बोलायचे आहे आणि परदेशातही, त्याने ६० किंवा ७० फुटांचा हट्ट धरण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा. आणखी एक गोष्ट म्हणजे उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे, म्हणून लोखंड विकत घेण्याआधीच उंचीच्या परवानगीची चौकशी करून घ्यावी.

टॉवरचे तीन-तीन मीटरचे चार भाग शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. कोल्हापूरचा हा मोठा फायदा आहे: कास्टिंग, टर्निंग, वेल्डिंग करणारे कुशल कारागीर एका हाकेवर मिळतात आणि रेखाचित्र समोर ठेवले की काम समजून घेऊन करतात. पाय सी क्लास (जाड भिंतीच्या) पाइपचे आहेत, आडव्या-तिरक्या काड्या भरीव सळईच्या आहेत आणि सगळे वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच प्रत्येक भाग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला पाठवला. हा क्रम बदलू नये. जस्ताचा थर बसल्यानंतर वेल्डिंग केले की तेवढ्या जागचे जस्त जळून जाते, आणि वरून चंदेरी रंग फासला तरी पहिल्या पावसाळ्यानंतर गंजाचा ओघळ दिसू लागतो. वितळलेल्या जस्ताचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअस असते. बंद पाइपात हवा किंवा ओल अडकली तर तो त्या टाकीत फुटू शकतो, म्हणून प्रत्येक पायाला वर-खाली भोके ठेवावीच लागतात. खालची भोके पुढे पाणी निचरून जाण्यासाठीही कामी येतात. पायाचे पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडले आणि निचऱ्याला वाट ठेवली नाही, तर आत साचलेले पाणी पाइप आतून खात राहते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. यासाठी आमचा टॉवर जमिनीपासून वीतभर उंच काँक्रीटच्या ओट्यावर, बिजागरी असलेल्या बेस प्लेटवर उभा आहे आणि ओट्याला चारही बाजूंनी उतार दिलेला आहे. जुलैच्या झडीत परड्यात पाणी साचले तेव्हाही बेस प्लेट कोरडी राहिली.

आता तणाव्यांविषयी, आणि येथे थोडे थांबायला हवे. महावितरणच्या खांबांना लागते तीच जस्त लावलेली स्टे वायर आम्ही वापरली. तणावे दोन पातळ्यांवर आहेत, प्रत्येक पातळीला तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर. जमिनीतले अँकर टॉवरच्या बुडापासून सुमारे साडेआठ मीटरवर, म्हणजे उंचीच्या ७० टक्के अंतरावर आहेत. सलग धातूची तार अँटेनाच्या जवळून गेली की ती स्वतःच लहरी पकडते आणि हेक्सबीमच्या प्रक्षेपणाचा आकार बिघडवते. अर्धी तरंगलांबी १४ मेगाहर्ट्झला साधारण १० मीटर, २१ ला ७ आणि २८ ला ५ मीटर येते. या लांबीचे तुकडे होऊ नयेत अशा बेताने तणावे तोडून मध्ये पोर्सिलेनचे अंडाकृती इन्सुलेटर घातले. या इन्सुलेटरची रचना सुरेख आहे. दोन्ही तारांचे फास एकमेकांत अडकलेले असतात आणि पोर्सिलेन त्यांच्यामध्ये दाबले जाते, त्यामुळे ते फुटले तरी तणावा सुटत नाही. तारेच्या फासाला प्रत्येक ठिकाणी तीन क्लॅम्प आहेत, आणि क्लॅम्पचे खोगीर भार घेणाऱ्या लांब तारेवर, तर यू बोल्ट कापलेल्या टोकाकडे बसवला आहे. उलटे बसवल्यास यू बोल्ट भाराची तारच चेपतो आणि तिची ताकद घटते.

आमच्या परड्यातील माती काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते, याची जाणीव शेतकऱ्याइतकीच टॉवर उभारणाऱ्यालाही असायला हवी. अँकरच्या खड्ड्यांतील काळी माती काढून तिथे मुरूम ठोकून भरला, खाली काँक्रीटचा ठोकळा पुरला आणि स्टे रॉड (तणावा जोडायचा लोखंडी गज) जमिनीत शिरतो त्या जागी डांबराचा जाड थर दिला, कारण गंज सर्वांत आधी तिथेच धरतो. एवढे करूनही ऋतूप्रमाणे ताण बदलतो. श्रावणात तिन्ही बाजूंचे तणावे सारखे ताठ होते, मार्चअखेर उसाच्या पाटाकडची बाजू ओलीच राहिली आणि घराकडची सुकली, तेव्हा घराकडच्या तणाव्यांना ढील पडली. ओळंबा लावला की हे लगेच कळते. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि भर उन्हाळ्यात असे तीन वेळा ओळंबा लावून टर्नबकल (तणाव्याचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड) जुळवणे हा या टॉवरच्या देखभालीचा गाभा आहे. तारेच्या तुटण्याच्या भाराच्या सुमारे १० टक्के ताण पुरेसा होतो. त्याहून फार जास्त ताणल्यास सगळा भार टॉवरच्या पायांवर दाब म्हणून उतरतो. जुळवून झाल्यावर टर्नबकलमधून तार ओवून तो बांधून ठेवणे विसरू नये, कारण वाऱ्याच्या कंपनाने तो हळूहळू उलगडत जातो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला २० मीटर वेग असताना एक चौरस मीटरवर सुमारे २४० न्यूटन दाब पडतो, तोच वेग ४० मीटर झाला की दाब ९६० न्यूटन होतो, म्हणजे जवळजवळ ९८ किलो वजनाइतका. आपल्याकडे जुलै-ऑगस्टचा पश्चिमेचा वारा सतत असतो, परंतु खरी कसोटी वळवाचा झोत घेतो, कारण तो काही मिनिटांत दिशा बदलतो. यंदाच्या वळवात गल्लीतले पत्रे उडाले तेव्हा हेक्सबीमचे फायबरचे दांडे वाकून पुन्हा सरळ झाले आणि टॉवरचा ओळंबा जागचा हलला नव्हता.

वळवासोबत विजा येतात. त्यातली अडचण अशी की जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच वीज पडण्याची भीती सर्वांत मोठी असते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून एकाच खड्ड्यावर विसंबलो नाही. टॉवरच्या तिन्ही पायांपासून वेगवेगळ्या दिशांना अर्थिंग रॉड ठोकून ते जमिनीखालच्या पट्टीने एकमेकांना आणि घराच्या विजेच्या अर्थिंगला जोडले. घराचे आणि टॉवरचे अर्थिंग वेगळे ठेवण्याचा सल्ला अनेक वायरमन देतात, तो मानू नये. जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो आणि तो रेडिओतून वाट काढतो. तांब्याची उघडी तार जस्ताच्या थरावर थेट आवळली तर ओलाव्यात जस्त झिजते, त्यामुळे टॉवरला जोडणारी पट्टी जीआयचीच, म्हणजे जस्त लावलेल्या लोखंडाचीच, घेतली. कोअॅक्सला (रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलला) घराबाहेर गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा भाग) आहे, तरीही ढग दाटू लागले की केबल काढून बाहेरच ठेवतो, आणि हे काम गडगडाट सुरू होण्याआधी उरकायचे असते.

कोअॅक्समध्ये काटकसर करू नये. सुमारे ३० मीटर आरजी-२१३ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला अडीच डेसिबेलच्या आसपास घट होते, म्हणजे निम्म्याहून थोडीच जास्त शक्ती अँटेनापर्यंत पोहोचते. त्याच लांबीच्या आरजी-५८ मध्ये ती पाव इतकीच उरते. जोडावर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, तिच्यावर चांगली पीव्हीसी टेप खालून वर गुंडाळत नेलेली, आणि जोडाच्या खाली केबलला पाणी ठिबकण्यासाठी वळसा, एवढ्यावर आमचे जोड पूर्ण पावसाळा कोरडे राहिले. दिवाळीत नॅनोव्हीएनए (अँटेना तपासण्याचे लहान उपकरण) लावून पाहिले तेव्हा एसडब्ल्यूआरचे (अँटेना केबलशी किती जुळतो ते दाखवणाऱ्या गुणोत्तराचे) वक्र उभारणीच्या वेळी नोंदवलेल्या वक्रांशी जुळत होते. उभारल्या दिवशी ही नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे फरक पडला तर तो कशामुळे पडला हे शोधता येते. भर पावसात ४० मीटरच्या डायपोलचा अनुनाद (तो उत्तम जुळतो ती वारंवारता) किंचित खाली सरकतो, ते स्वाभाविक आहे. डायपोलची टोके हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवली आहेत, कारण प्रसारणाच्या वेळी टोकांवर मोठे व्होल्टेज असते.

हेक्सबीम समाधानकारक आहे. वजन दहा-बारा किलो, फिरण्यासाठी सव्वातीन मीटरच्या आसपास त्रिज्या, आणि प्रत्येक पट्टीवर दोन घटकांच्या यागीसारखे (एका दिशेला जोर देणाऱ्या अँटेनासारखे) काम. सौरचक्र २५ चा, म्हणजे सूर्यडागांच्या चक्राचा, बहर होता, त्यामुळे २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर दुपारनंतर युरोप सहज मिळाला. रोटेटरमध्ये (हेक्सबीम फिरवणाऱ्या मोटरमध्ये) गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून खालच्या फटीला जाळी लावावी लागली. व्हीएचएफवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या पट्टीवर, १२ मीटर उंचीवरून रेडिओ-क्षितिज साधारण १४ किलोमीटरवर येते, मात्र पन्हाळा आणि जोतिबाचे डोंगर समोर दिसत असल्याने तिथे हातातला संच घेऊन गेलेल्या मित्राशी स्वच्छ बोलता आले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर येऊन पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, हे इथल्या कुणाला सांगायला नको. म्हणून आमचे स्थानक १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि ४० मीटरच्या डायपोलला रोटेटरची किंवा विजेची गरज लागत नाही. अशा वेळी टॉवरवर चढायची पाळी येऊ नये, यासाठीच बाकीची सारी देखभाल आहे. चढणे केवळ कोरड्या दिवशी, फुल बॉडी हार्नेस आणि दोन हुकांनिशी होते. एक हुक सोडण्याआधी दुसरा अडकलेला असतो, आणि खाली एक जाणता माणूस उभा असतो.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले होते, "हा मोबाइलचा टॉवर तर नव्हे ना?" त्यांना घरात बोलावून परवाना दाखवला, जपानमधील एका स्थानकाशी झालेले बोलणे ऐकवले, आणि त्यानंतर तक्रार आली नाही. हे काम खड्डे खणण्यापूर्वी करणे अधिक चांगले.

ज्यांच्याकडे सतरा-अठरा मीटर रुंदीची मोकळी जागा आहे आणि विजेच्या तारा टॉवरच्या उंचीच्या दीडपट अंतरापलीकडे आहेत, त्यांना हा टॉवर मी निःशंकपणे सुचवीन. मात्र पाया, तणावे आणि अर्थिंग यांसाठी लोखंडापेक्षा अधिक पैसे बाजूला ठेवावेत. अपार्टमेंटच्या गच्चीवर हा टॉवर नेऊ नये. तिथे तणाव्यांना पुरेसे अंतर मिळत नाही आणि पॅरापेटची भिंत अशी ओढ घेण्यासाठी बांधलेली नसते; गच्चीवाल्यांनी सहा मीटरचा हलका पाइप, व्हीएचएफचा उभा अँटेना आणि २० मीटरचा तारेचा डायपोल यांवर सुरुवात करावी.