राजकन्येचा महाल: फुग्यांची कमान की साड्यांचा पडदा?

छकुलीच्या पार्टीत राजकन्येच्या महालाची सजावट करायची, तर हे दोन पर्याय. 6 फुटी कमानीला शंभरेक फुगे, हातपंप आणि दोघांचे दोन तास लागतात. फुगे नाशिकच्या मेन रोडला सहज मिळतात, पण इथल्या मे महिन्यात गच्चीवर पटापट फुटतात. आतली हवा तापून प्रसरण पावते, रबर ताणतं. म्हणून थोडे कमीच फुगवा. फुटलेले तुकडे लगेच उचला, लहानग्यांच्या घशात अडकतात!

साड्यांना खर्च जवळपास शून्य. दोन गुलाबी शिफॉन, मध्ये एक जरीची. दोरीवर चुण्या पाडून कपड्यांचे चिमटे लावा, अर्ध्या तासात महाल उभा. टाचणी नको, जरीचे धागे उसवतात. जड काठाने दोरी मधोमध खाली झुकते, तिथे आधाराला खिळा हवाच.

घरात, तीन-चार वर्षांच्या छकुलीला साड्याच. हॉल मोठा आणि मदतीला हात असतील, तर फुगे.