श्रीमंत अधिकारी आणि जक्कय

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, दोन धनवान जवळजवळ पाठोपाठ भेटतात: 18व्या अध्यायातला अधिकारी आणि 19व्यातला यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय. अधिकारी लहानपणापासून आज्ञा पाळणारा. सार्वकालिक जीवनाचं त्यानेच येशूला विचारलं. पण सगळं विकून गोरगरिबांना वाटून टाक, हे येशूचं उत्तर ऐकताच खिन्न झाला.

जक्कयने काही विचारलंच नाही. बुटका गडी, येशू दिसावा म्हणून उंबरावर चढला. मग आपणहून म्हणाला: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. (या चौपटीने उरलेल्या अर्ध्यालाही कात्री लागली असणार!)

एकाकडे सगळं मागितलं, दुसऱ्याचं अर्धं चाललं. तेव्हा टक्केवारीचा प्रश्न नव्हताच. मरणाने दोघांचाही पैसा सुटणार होता, जक्कयने तो जिवंतपणीच सोडला. मला तोच शहाणा वाटतो. आणि त्याच्या घराला तारण, म्हणजे उद्धार, मिळालं ते मेल्यावर नाही, त्याच दिवशी.