जुन्या सॅम्पलरला साठवण कुठली: झिप, एमओ की एसडी कार्ड?

आकाईचा एस-3000एक्सएल, एस-2000 किंवा एमपीसी-2000एक्सएल यांपैकी काहीतरी सॅम्पलर (आवाज टिपून ठेवून हवा तेव्हा वाजवणारं यंत्र) तुमच्याकडे आलं आहे आणि फ्लॉपीला तुम्ही वैतागला आहात, असं धरून चालतो. एस मालिकेच्या फ्लॉपीवर 1.6 मेगाबाइट मावतात. मेमरी पूर्ण 32 मेगाबाइटपर्यंत वाढवलेली असेल तर ती भरायला 20 फ्लॉप्या लागतात, आणि विसावी आत जाईपर्यंत नांदी होऊन पहिला प्रवेश सुरू झालेला असतो. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्हवाला गोटेक बसवला तर फ्लॉप्या खराब व्हायच्या थांबतात, पण 1.6चं गणित तसंच राहतं. म्हणजे वळायचं ते मागच्या स्कझी जोडाकडेच, जिथे बाहेरचे ड्राइव्ह एकामागून एक साखळीने जोडता येतात.

माझा उपयोग आधी सांगतो, कारण माझं मत त्यातूनच बनलं आहे. गोव्यात फोंडा-डिचोली भागात जत्रेला, उत्सवाला जी मराठी नाटकं होतात, त्यांना मी पार्श्वसंगीत देतो. सॅम्पलरमध्ये घुमट (मातीच्या घटाचं चर्मवाद्य), त्याच्या साथीचे शामेळ आणि कांसाळें, देवळातली घंटा, पाऊस, वीज, घोड्यांच्या टापा असा सगळा संसार आहे. लॅपटॉपवर हे होत नाही का? होतं, आणि पोरं करतातही. पण घुमटाच्या डाव्या हाताचा तो खोल घुमारा या जुन्या 16 बिटांच्या यंत्रातून जसा भरीव निघतो, तसा मला दुसरीकडून मिळालेला नाही. घुमट 2019 पासून राज्याचं वारसा वाद्य आहे. निदान त्याचा आवाज तरी नीट वाजावा, एवढाच माझा हट्ट. तुमचं काम घरातल्या खोलीत बसून चालत असेल, तर पुढच्या मजकुरातला निम्मा तुम्हाला कदाचित लागू होणार नाही.

सायक्वेस्ट आणि जॅझ हे त्या काळचे काढघाल डिस्कचे ड्राइव्ह मी विचारातच घेतले नाहीत. दोन्हींत फिरती कडक तबकडी आणि तिच्यावर अधांतरी तरंगणारं हेड असतं. आज जे हाताला लागतात ते कुणाच्या तरी माळ्यावरून उतरवलेले. आपल्या हवेत ते घेणं म्हणजे हौस. हौसेला माझी ना नाही.

झिप, म्हणजे आयोमेगा कंपनीचा काढघाल चकतीचा ड्राइव्ह, इथपासून सुरुवात करू, कारण जुन्या सॅम्पलरबरोबर पुष्कळदा तोच फुकट येतो. 100 मेगाबाइटची चकती सॅम्पलरच्या दृष्टीने भरपूर आहे. आकाईच्या एस मालिकेत डिस्कचा एक विभाग (पार्टिशन) 60 मेगाबाइटच्या वर जात नाही, त्यामुळे एका चकतीचे दोन विभाग पडतात. मी पहिल्यात वाद्यं आणि दुसऱ्यात निसर्ग ठेवायचो. चकतीवर कागद चिकटवून नाटकाचं नाव लिहिता येतं, आणि हे सुख किती मोठं आहे ते ती सोय गेल्यावर कळतं. स्कझीच्या साखळीत प्रत्येक यंत्राला वेगळा क्रमांक लागतो; बाहेरच्या स्कझी झिपला क्रमांक फक्त दोन, 5 किंवा 6, त्यामुळे साखळीत आणखी काही जोडायचं असेल तर जरा जुळवाजुळव करावी लागते. झिपची प्रसिद्ध ‘टक टक’ तर ऐकून असालच. तिच्यावरून 1998 मध्ये अमेरिकेत आयोमेगावर सामूहिक दावाही झाला होता. त्यातला खरा धोका असा, की बिघडलेलं हेड चकतीची कड फाडतं आणि तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचंही हेड जातं. म्हणून अनोळखी चकती आपल्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आणि आपली चकती अनोळखी ड्राइव्हमध्ये तर मुळीच नको. माझ्या वाट्याला ती टकटक कधी आली नाही.

मला नकोसं झालं ते वेगळ्याच कारणाने, आणि त्यात झिपचा तसा दोष नाही. बाहेर ठेवलेल्या कुठल्याही पेटीचं तेच होणार.

गावच्या मंडपात नाटक पालखी आत गेल्यावर सुरू होतं, म्हणजे मध्यरात्रीच्या पुढेमागे. एका फेजवर रोषणाई, खाजेवाल्याचे दिवे, साउंडवाल्याचे ॲम्प आणि कोपऱ्यात विंगेतला मी. दुसऱ्या अंकात केव्हातरी लाइट जाते. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागतो, तेवढ्यात पेट्रोमॅक्सच्या आठवणी निघतात, प्रेक्षक हसतात, सगळं खेळीमेळीने चालतं. पण सॅम्पलरच्या पोटातली मेमरी तेवढ्यात कोरी होते. वीज परत आली की सॅम्पलर क्षणात जागा होतो आणि स्कझीच्या साखळीत कोण कोण आहे ते बघतो. झिपला त्याचा स्वतंत्र 5 व्होल्टचा ॲडाप्टर, वर बटण नाही. तो आपल्या सवडीने चकती फिरवत बसलेला असतो. सॅम्पलर विचारतो तेव्हा तो उत्तर देत नाही. मग पडद्यावर ड्राइव्ह नाही. मग डिस्कच्या पानावर जा, क्रमांक बदलून पुन्हा आणा, विभाग निवडा, व्हॉल्यूम (विभागातला आवाजांचा गठ्ठा) निवडा, लोड करा. त्यात जनरेटरवाला एकदाच बटण दाबून थांबत नाही. लाइट येते, जाते, पुन्हा येते. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. तिकडे राजा सिंहासनावर बसून तुतारीची वाट बघतोय, आणि प्रॉम्प्टर माझ्याकडे अशा नजरेने बघतोय की जणू वीज मीच घालवली.

दोन प्लग आणि त्यांचा क्रम: मला नडलं ते एवढंच. आधी ड्राइव्ह, तो स्थिर झाला की सॅम्पलर, हा नियम घरी कुणीही पाळेल. मंडपात क्रम आपल्या हातात नसतो, तो जनरेटरवाल्याच्या हातात असतो.

यूपीएस लावा, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. चांगला यूपीएस हा प्रश्न बहुतेक सोडवतो. फक्त घेताना त्याची शिटी बंद करता येते का ते दुकानातच बघून घ्या. रंगमंचावर आई मुलाचं प्रेत मांडीवर घेऊन बसली आहे आणि विंगेतून ‘टीं, टीं, टीं’ येतंय, हे एकदा झालं की दिग्दर्शक पुन्हा बोलावत नाही. शिवाय बॅटरीचं वजन, आणि इथल्या उकाड्यात तिचं आयुष्य. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरासारख्या नाट्यगृहात प्रयोग असला तर हा सगळा परिच्छेद विसरा. तिथे झिपसुद्धा गुणाने वागतो.

एमओचा विषय निघाला की मी थोडा हळवा होतो. मॅग्नेटो-ऑप्टिकल चकती हे या तिघांतलं सर्वांत टिकाऊ माध्यम, असं मला अजूनही वाटतं. लेझरने तापवल्याशिवाय तिच्यावरची नोंद बदलत नाही, त्यामुळे स्पीकरच्या लोहचुंबकाशेजारी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. हेड चकतीला टेकत नाही, म्हणून घासाघीस नाही. लिहिताना मात्र आधी पुसणं, मग लिहिणं, मग तपासणं अशा फेऱ्या होतात, म्हणून सेव्हला वेळ लागतो. वाचताना ती कुरकुर नाही. घ्यायचीच झाली तर 230 किंवा 540 मेगाबाइटची घ्या. 640 आणि त्यावरच्या चकत्यांचे सेक्टर (नोंदीचे तुकडे) 2048 बाइटचे असतात आणि 512ची सवय असलेले बरेच जुने सॅम्पलर त्या ओळखत नाहीत. ‘मोठी चकती स्वस्तात मिळाली’ म्हणून आणणाऱ्यांची गाडी इथेच अडते. ड्राइव्हच्या भिंगावर धूळ आणि दमट हवेचा थर बसतो, तो साफ करणारा माणूस गोव्यात मला तरी सापडलेला नाही. चकत्याही बाहेरून मागवाव्या लागतात. आणि मुख्य म्हणजे हीसुद्धा बाहेरची पेटी, तिलाही वेगळा प्लग. नाहीतर माझा जीव एमओवरच होता.

आता एसडी कार्ड. स्कझीचं सोंग घेणाऱ्या लहान पाट्या मिळतात: स्कझीटूएसडी, ब्लूस्कझी, झुलूस्कझी. सॅम्पलरला वाटतं हार्ड डिस्क जोडली आहे, आत असतं नखाएवढं कार्ड. माझ्या पाटीला वेगळा प्लग नाही, ती सॅम्पलरच्याच विजेवर चालते. सॅम्पलर उठतो तेव्हा ती उठलेली असते. जनरेटरवाल्याने तीनदा खेळ केला तरी पडद्यावर ड्राइव्ह हजर. लोड पुन्हा करावं लागतंच, पण शोधाशोध नाही. खरं सांगायचं तर माझा निर्णय इथेच झाला. पुढचं सगळं मी मनाच्या समाधानासाठी पडताळलं.

वेगाची फार अपेक्षा ठेवू नका. कार्ड कितीही वेगवान असलं तरी जुना सॅम्पलर त्याच्या स्वतःच्या चालीनेच माल आत घेतो. झिपवरून भरायला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा थोडा कमी लागतो, पण बघणाऱ्याला फरक कळेल असं नाही. शांतता मात्र कळते. विंगेत माइक उघडा असताना चकतीची घरघर नसणं ही चैन आहे.

तिन्ही पाट्या सारख्या नाहीत. स्कझीटूएसडी कार्डावर थेट लिहिते, त्यामुळे ते कार्ड संगणकाला नेहमीसारखं वाचता येत नाही, प्रत काढायची तर अख्ख्या कार्डाची काढावी लागते. ब्लूस्कझी आणि झुलूस्कझी प्रत्येक डिस्कची एक फाइल ठेवतात. ती फाइल संगणकावर ओढली की झाली प्रत. मी दुसऱ्या प्रकाराकडे झुकलो तो या प्रतीसाठीच. चतुर्थीआधी, सगळ्या नाटकांच्या तालमी सुरू होण्यापूर्वी, अख्खा संग्रह काही मिनिटांत दुसऱ्या कार्डावर उतरतो. दुसरं कार्ड तबलजीच्या घरी असतं. माझं घर गळतं.

तक्रारी आहेतच. पहिली, कार्डावर नाव लिहायला जागा नाही. झिपच्या ढिगातून ‘दुसरा अंक, स्मशान’ असा कागद बघून चकती उचलायची सवय असेल तर सुरुवातीला हात रिकामे वाटतात. मी वेगवेगळ्या स्कझी क्रमांकांवर वेगवेगळ्या डिस्का दाखवतो आणि कुठल्या क्रमांकावर काय, हे सॅम्पलरच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं आहे. सुंदर दिसत नाही, काम होतं. प्रत्येक डिस्क मी 500 मेगाबाइटच्या आत ठेवतो; जुन्या आकाईंना मोठी डिस्क दाखवून काही फायदा नाही. दुसरी तक्रार विजेची. सगळेच सॅम्पलर स्कझीच्या तारेतून पाटीला वीज देत नाहीत. तुमचा देत नसेल तर पाटीला यूएसबीची वायर जोडावी लागेल, आणि मग तुम्ही पुन्हा दोन प्लगांच्या दुनियेत आलात. यूएसबीवर पाटी झिपपेक्षा खूप लवकर जागी होते, तेव्हा अगदी वाईट परिस्थिती नाही, पण मागवण्याआधी हे विचारून घ्या. तिसरी, कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या. नकली कार्ड पहिल्या दिवशी अस्सलच वाटतं.

एमपीसी-2000एक्सएलवाल्यांना आणखी एक फायदा आहे. ते यंत्र संगणकाच्या ओळखीच्या पद्धतीने डिस्क लिहितं, त्यामुळे आवाज संगणकावरून थेट टाकता येतात. एस मालिकेची पद्धत आकाईची स्वतःची. तिथे आकाईयूटिलसारखं एखादं संगणकी सॉफ्टवेअर मध्ये घ्यावं लागतं. हे तिन्ही साठवणींना सारखंच लागू आहे.

पावसाबद्दल थोडं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी येते. झिपच्या चकतीत आत फ्लॉपीसारखी लवचीक तबकडी आहे, बुरशी तिच्यावरही बसते, आणि ती चकती फिरली की बुरशी हेडवर जाते. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून डबा उघडून बघणं एवढं केलंत तर झिप चालेल. एमओची चकती याबाबतीत बरी. कार्डाला डब्याची गरजच पडलेली नाही. सॅम्पलर चालू असला की त्याच्याच उबेत ते कोरडं राहतं.

तर माझा कल कळलाच असेल. झिप तुमच्याकडे आधीच असेल, चकत्या स्वच्छ असतील आणि यंत्र घरातून हलत नसेल, तर बदलायची घाई करू नका असंच मी म्हणेन. एमओ कुणी चकत्यांसकट देत असेल तर मलाही कळवा. नव्याने पैसे घालायचे असतील, आणि विशेषतः यंत्र गाडीत घालून गावोगाव न्यायचं असेल, तर फाइल ठेवणारी एसडी पाटी घ्या.

घेताना मागचा जोड 25 पिनांचा की 50चा ते बघून तशी पाटी मागवा, आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (तारेचं टोक विद्युतदृष्ट्या बंद करणारी जोडणी) आहे ना ते बघा. ‘पाटी खराब आली’ अशा तक्रारींत निम्म्या वेळा टर्मिनेशन राहिलेलं असतं. आत बसवायची असेल तर प्लग काढूनही थोडा वेळ थांबा, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. जुना माल हलवायला संगणक लागत नाही. झिप आणि पाटी एकाच साखळीत जोडा, क्रमांक वेगळे ठेवा, एक व्हॉल्यूम झिपवरून मेमरीत घ्या, पाटीवर सेव्ह करा, मेमरी रिकामी करा, पुढचा घ्या. कंटाळवाणं काम आहे, एखाद्या पावसाळी रविवारी होतं. झिप विकायचा तो त्यानंतर, आणि त्याचा ॲडाप्टर त्याच्याबरोबरच द्या. सुटा शोधायला गेलं तर मिळत नाही.