रिपोर्ट कोणाला दिसतो, डेटा कोणाच्या हातात जातो: पॉवर बीआय वापरल्यानंतरचा अनुभव

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं बहुतेक चार्ट आणि डॅक्स (त्यातली सूत्रं लिहायची भाषा) याबद्दल असतं. इथे ते सापडणार नाही. माझ्या कामात रिपोर्ट बनवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो कोणी बघायचा, कोणी बदलायचा आणि त्यामागचा डेटा कोणी पुन्हा वापरायचा हे ठरवण्यात जातो. बरेच महिने हे सांभाळल्यावर माझं मत असं झालंय: इथली परवानग्यांची रचना विचारपूर्वक केलेली आहे, पण ती नुसती स्क्रीन बघून उलगडत नाही. वरवर बघून जो अंदाज बांधाल, तो बहुधा गरजेपेक्षा जास्त अ‍ॅक्सेस देऊन बसतो.

रिपोर्ट आणि डेटा या इथे दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आधी पक्कं बसलं पाहिजे. टेबलं, त्यांच्यातली नाती, मेझर्स (बेरीज, टक्के वगैरे काढणारी सूत्रं) हे सगळं सिमँटिक मॉडेलमध्ये राहतं. नोव्हेंबर २०२३ पर्यंत यालाच डेटासेट म्हणत, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमध्ये ते नाव दिसलं तर गोंधळू नका. रिपोर्ट म्हणजे त्या मॉडेलकडे बघायची एक खिडकी. एका मॉडेलवर हवे तेवढे रिपोर्ट उभे राहतात आणि ते वेगवेगळ्या वर्कस्पेसमध्येही (टीमच्या सामायिक जागांत) असू शकतात. दोन्हींच्या परवानग्या वेगळ्या असतात.

या विभागणीचा फायदा आम्हाला लगेच जाणवला. पूर्वी प्रत्येक टीम त्याच डेटाबेसमधून आपापली प्रत ओढायची आणि बैठकीत ‘निव्वळ विक्री’चे तीन आकडे समोर यायचे. एकाने परतावे वजा केलेले, दुसऱ्याने नाही, तिसऱ्याने कर धरलेला. आता व्याख्या एका मॉडेलमध्ये आहे आणि बाकीचे सगळे त्यावर रिपोर्ट बांधतात. मॉडेलवर ‘प्रमोटेड’ किंवा ‘सर्टिफाइड’ अशी खूण लावता येते. त्यातली सर्टिफाइड फक्त अ‍ॅडमिनने ठरवलेल्या लोकांनाच लावता येते. त्यामुळे नवीन माणसाला कुठला स्रोत धरायचा ते विचारत फिरावं लागत नाही. वाद संपले असं नाही म्हणणार, पण आता ते आकड्याऐवजी व्याख्येवर होतात, आणि ती प्रगतीच आहे.

आता वर्कस्पेसचे रोल. अ‍ॅडमिन, मेंबर, काँट्रिब्युटर आणि व्ह्यूअर असे चार. नावावरून ‘मेंबर’ म्हणजे टीममधला कोणीही साधा माणूस वाटतो. प्रत्यक्षात मेंबर इतरांना वर्कस्पेसमध्ये घेऊ शकतो, रिपोर्ट शेअर करू शकतो, अ‍ॅप (वाचकांसाठी रिपोर्टचा तयार संच) प्रसिद्ध करू शकतो. काँट्रिब्युटर माणसं जोडू शकत नाही, पण रिपोर्ट बनवणं, बदलणं, उडवणं सगळं त्याच्या हातात. फक्त बघणाऱ्यासाठी व्ह्यूअर. आमच्याकडे जुन्या व्यवस्थेत अर्ध्या कंपनीला मेंबर करून ठेवलेलं होतं, कारण कोणीतरी रिपोर्ट मागितला की वर्कस्पेसमध्ये नाव टाकणं हाच सर्वात जवळचा रस्ता होता. ते निस्तरायला फार तांत्रिक ज्ञान लागलं नाही, पण लोकांना समजावण्यात बराच काळ गेला. “माझा अ‍ॅक्सेस कमी का केला?” या प्रश्नाला “तुम्हाला जे बघायचंय ते अजूनही दिसतंय” हे उत्तर कोणालाच पुरत नाही.

रोलचा प्रश्न नीटनेटकेपणापुरता असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. खरी मेख आरएलएसमध्ये (रो-लेव्हल सिक्युरिटी) आहे, म्हणजे कोणाला टेबलातल्या कुठल्या ओळी दिसाव्यात याचे नियम. उत्तर विभागाच्या व्यवस्थापकाला फक्त उत्तरेच्या ओळी, दक्षिणेच्या व्यवस्थापकाला दक्षिणेच्या. नियम पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये लिहायचे आणि त्यात माणसं बसवायची ती ऑनलाइन सर्व्हिसमध्ये, मॉडेलच्या ‘सिक्युरिटी’ पानावर. पण हे नियम फक्त व्ह्यूअरला आणि शेअर किंवा अ‍ॅपमधून आलेल्या वाचकाला लागू होतात. अ‍ॅडमिन, मेंबर आणि काँट्रिब्युटर यांना त्या वर्कस्पेसमधल्या मॉडेलच्या सगळ्या ओळी दिसतात, नियम कितीही काटेकोर लिहिलेले असोत. म्हणजे सोयीसाठी एखाद्याला काँट्रिब्युटर केलं की तुमची ओळींची सुरक्षा त्याच्यापुरती संपली. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि तर्कही पटतो, कारण जो मॉडेल बदलू शकतो त्याच्यापासून ओळी लपवून उपयोग काय? तरी हे माहीत नसताना काम करणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत.

दुसरी बारीक गोष्ट: एकच माणूस आरएलएसच्या दोन रोलमध्ये (हे नियमांचे गट, वर्कस्पेसच्या रोलहून वेगळे) असेल तर नियम एकमेकांना कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ दोन्हींत नाव असेल तर दोन्हींच्या ओळी दिसतात. कोणाची बदली झाली आणि जुन्या रोलमधून नाव काढायचं राहिलं, तर त्याला जास्त दिसतं, कमी नाही, म्हणून तक्रारही येत नाही. उलट कुठल्याच रोलमध्ये नाव नसलेल्या वाचकाला मॉडेलमधलं काहीही दिसत नाही; त्याचा फोन मात्र लगेच येतो.

यावर आम्ही काढलेला उपाय म्हणजे रोल एकच ठेवणं. ‘यूजर प्रिन्सिपल नेम’ हे डॅक्स फंक्शन बघणाऱ्याचा लॉगिन ईमेल देतं. ईमेल आणि विभाग यांच्या जोड्यांचं एक लहान टेबल मॉडेलमध्ये ठेवलं आणि नियम त्याच्यावर टेकवला. बदली झाली की टेबलातली ओळ बदलते, पुढच्या रिफ्रेशला (डेटा नव्याने भरला की) अ‍ॅक्सेसही बदलतो. रोलमध्ये सुट्ट्या माणसांऐवजी सिक्युरिटी ग्रुप टाकता येतो, तो टाकाच. मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप मात्र आरएलएसच्या रोलमध्ये चालत नाहीत, ग्रुप बनवून घेतानाच आयटीला हे सांगून ठेवा. प्रसिद्ध करण्याआधी ‘व्ह्यू अ‍ॅज’ने त्या माणसाच्या नजरेतून रिपोर्ट बघता येतो. ही सोय मला फार आवडते, आणि कोणी वापरत नाही याचं नवल वाटतं.

आरएलएसचा एक परिणाम मात्र आकड्यांवर होतो आणि तो कोणी आधी सांगत नाही. ओळी गाळण्याचं काम गणिताच्या आधी होतं. उत्तर विभागाच्या व्यवस्थापकाने ‘एकूण विक्रीत आमचा वाटा’ हा चार्ट उघडला तर त्याला १०० टक्के दिसतात, कारण त्याच्यापुरती एकूण विक्री म्हणजे उत्तरेचीच. त्यात ‘ऑल’ हे डॅक्स फंक्शन वापरून फिल्टर काढून टाकला तरी फरक पडत नाही. सुरक्षेचा फिल्टर डॅक्सने काढता येत नाही, आणि येऊही नये. कंपनीची बेरीज प्रत्येकाला दिसायला हवी असेल तर तेवढी बेरीज एका वेगळ्या टेबलात ठेवावी लागते, जिच्यावर नियम नाही. पण मग ती बेरीज किती बारीक ठेवायची हा प्रश्न येतो. विभागच दोन असतील तर एकूण आकड्यातून आपला वजा केला की दुसऱ्याचा उरतो. हा निर्णय सॉफ्टवेअरचा नाही, तरी तो घ्यायची वेळ सॉफ्टवेअरमुळेच येते.

रकाने लपवण्याबद्दल थोडक्यात. मॉडेलमध्ये एखादा रकाना ‘हिडन’ केला किंवा रिपोर्टचं पान लपवलं, तर तो फक्त पसारा कमी करण्याचा उपाय आहे, सुरक्षेचा नाही. पगाराचा रकाना खरोखर झाकायचा असेल तर ओएलएस (ऑब्जेक्ट-लेव्हल सिक्युरिटी) लागतं, म्हणजे टेबल किंवा रकान्याच्या पातळीवरचा नियम. त्यात रकाना ज्याला नाही त्याच्यासाठी तो अस्तित्वातच नसतो, आणि तो वापरणारा चार्ट त्या माणसाला एरर दाखवतो. म्हणून असे चार्ट वेगळ्या रिपोर्टमध्येच ठेवलेले बरे.

बिल्ड परमिशनवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण डेटा ‘शेअर करणं’ म्हणजे मुळात हेच. ज्याच्याकडे मॉडेलवर बिल्ड आहे तो त्यावर स्वतःचा रिपोर्ट बनवू शकतो, ‘अ‍ॅनालाइज इन एक्सेल’ने पिव्होट टेबल उघडू शकतो. रिपोर्ट शेअर करताना खाली दोन खुणा असतात: समोरच्याला पुढे शेअर करू द्यायचं का, आणि या डेटावर त्याला स्वतःचं काही बनवू द्यायचं का. घाईत त्या नजरेआड होतात. बिल्ड देणं वाईट नाही, आमच्या विश्लेषकांना ते दिल्यामुळेच माझ्याकडे येणाऱ्या ‘फक्त एक रकाना वाढवा’ छापाच्या विनंत्या निम्म्यावर आल्या. आरएलएस एक्सेलमध्येही लागू राहतं, त्यामुळे भीती ओळींची नाही. काळजी एवढीच, की ते मुद्दाम दिलेलं असावं, चुकून राहिलेलं नसावं.

आणि ते राहतं. अ‍ॅपमधून लोकांना रिपोर्ट दिले, त्यासोबत बिल्ड आणि रीशेअरही (पुढे शेअर करण्याची परवानगी) दिलं, आणि नंतर अ‍ॅपचा अ‍ॅक्सेस काढून घेतला, तरी मॉडेलवरच्या त्या दोन परवानग्या आपोआप जात नाहीत. त्या मॉडेलच्या ‘मॅनेज परमिशन्स’ पानावर जाऊन वेगळ्या काढाव्या लागतात. भाडेकरूकडून घराची किल्ली परत घेतली, पण माळ्यावरच्या खोलीची त्याच्याच जुडग्यात राहिली, असा हा प्रकार.

बाकी अ‍ॅप ही वाटपाची सर्वात स्वच्छ पद्धत आहे. एका अ‍ॅपमध्ये २५ पर्यंत वेगवेगळे वाचकवर्ग करता येतात, प्रत्येकाला वेगळी पानं. वर्कस्पेसमध्ये कच्चं काम चालू असताना वाचकांना मागची प्रसिद्ध केलेली मांडणीच दिसत राहते. लिंकने शेअर करायचं असेल तर लिंक कोणासाठी आहे ते आधी बघा. ‘संस्थेतले सगळे’ असा पर्याय निवडलेला असेल तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो सहकारी आत येतो. ‘पब्लिश टू वेब’चा मात्र शेअरिंगशी संबंध नाही. त्यातून रिपोर्ट लॉगिनशिवाय जगाला खुला होतो, म्हणून ते आमच्या अ‍ॅडमिनने बंदच ठेवलंय.

लायसन्सचं गणित सुरुवातीलाच करा. साध्या वर्कस्पेसमधला रिपोर्ट नुसता बघायलाही वाचकाकडे प्रो लायसन्स लागतं. फ्री वाचकांना दाखवायचं तर वर्कस्पेस प्रीमियम किंवा फॅब्रिकच्या (मायक्रोसॉफ्टचा डेटा-मंच) एफ६४ आणि त्यावरच्या क्षमतेवर, म्हणजे संस्थेने विकत घेतलेल्या कम्प्युटिंग ताकदीवर, हवं. वाचक मोजके असतील तर प्रो परवडतं, शेकडो असतील तर हिशेब उलटतो.

शेवटचा मोठा विषय म्हणजे मालकी. इंपोर्ट पद्धतीच्या मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे डेटाची प्रत मॉडेलमध्येच ठेवली जाते, डेटा मालकाच्या साठवलेल्या क्रेडेन्शियलने (लॉगिनच्या माहितीने) येतो. वाचकाला मूळ डेटाबेसमध्ये काय दिसतं याचा तिथे काही संबंध नसतो. मालकाचं खातं बंद झालं की रिपोर्ट दिसत राहतो, पण आतला डेटा शिळा होत जातो. ओळीने चार रिफ्रेश फसले की वेळापत्रक आपोआप बंद होतं. दुसऱ्याने ‘टेक ओव्हर’ केलं तर मालकी येते, क्रेडेन्शियल येत नाहीत, ती नव्याने भरायची. गेटवेवर (कंपनीच्या आतल्या डेटाबेसला पॉवर बीआयशी जोडणारा पूल) डेटा असेल तर नव्या मालकाचं नाव त्या कनेक्शनच्या वापरकर्त्यांत आधी असायला हवं, नाहीतर टेक ओव्हर करूनही रिफ्रेश चालत नाही. आम्ही महत्त्वाच्या स्रोतांसाठी व्यक्तीऐवजी सर्व्हिस अकाउंट ठेवलंय आणि गेटवे कोणाच्या लॅपटॉपवर नसून सतत चालू असलेल्या सर्व्हरवर आहे. गेटवे बसवताना जी रिकव्हरी की द्यावी लागते ती हरवली तर मायक्रोसॉफ्टही परत मिळवून देऊ शकत नाही. ती कुठे ठेवलीय हे निदान दोघांना माहीत असू द्या.

मला अजून खटकतं ते इतकंच, की एका माणसाला कुठे कुठे काय अ‍ॅक्सेस आहे हे माझ्यासारख्या वर्कस्पेस सांभाळणाऱ्याला एका पानावर दिसत नाही. प्रत्येक वस्तू उघडून बघावी लागते. अ‍ॅडमिनला मात्र एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती काढायची सोय) माणसागणिक अशी यादी काढता येते. मी ती दर तिमाहीला मागवून घेते, एक्सेलमध्ये उघडते, आणि आधी बिल्ड आणि रीशेअर असलेली नावं चाळते. वर्कस्पेसचे रोल त्यानंतर.