भीती जंतूंची होती, मोजले क्षार

२०२५च्या फेब्रुवारीत आमच्या घरात साधा पाण्याचा पेला उचलतानाही हात अडखळत होता. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारीपासून नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी झालेल्या जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडत होते. संशयितांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. अनेकांना आधी जुलाब, मग काही दिवसांनी पाय लुळे, काहींना थेट व्हेंटिलेटर. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पातेली पाणी उकळत होते आणि तरी रात्री झोप लागत नव्हती.

अशातच एका दुपारी बेल वाजली. दारात दोन मुलं, गळ्यात ओळखपत्रं, हातात पेटी. "ताई, जीबीएसमुळे सोसायटीत पाण्याची तपासणी चालू आहे. पैसे काही नाहीत." मला वाटलं महापालिकेकडून आलेत. मी ओळखपत्र हातात घेऊन वाचलं नाही. आज सगळ्यात जास्त पश्चात्ताप त्याचाच होतो.

त्यांनी दोन पेले मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. पेनासारखा मीटर बुडवला. नळाच्या पाण्याचा टीडीएस ९२, त्यांच्या पाण्याचा ११. "हा घाणीचा आकडा आहे ताई." मग एका छोट्या बाटलीतले थेंब टाकले. नळाचं पाणी पिवळं झालं, त्यांचं तसंच राहिलं. "हे केमिकल तुम्ही रोज पिताय." शेवटी पेटीतून धातूच्या कांड्या बसवलेलं एक यंत्र काढलं, कांड्या दोन्ही पेल्यांत सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमचा पेला आधी हिरवट, मग तपकिरी झाला आणि वर गढूळ फेस आला. त्यांचा पेला काचेसारखा स्वच्छ.

सासूबाई दिवाणावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे आपण पितो?" तिथेच माझा धीर सुटला. साडेअठरा हजारांचं आरओ मशीन मी उभ्या-उभ्या घेतलं. आजच रोख दिले तर दोन हजार कमी, असं म्हणाले, म्हणून शेजारणीकडून उसने घेऊन साडेसोळा हजार हातावर ठेवले. पावती म्हणून वहीतलं पान मिळालं. त्यावर शिक्का, एक मोबाइल नंबर आणि वर 'अंदाजपत्रक' असा शब्द. जीएसटी नंबर नाही, दुकानाचा पत्ता नाही.

मशीन बसल्यावर मी पाणी उकळणं बंद केलं. मशीन आलंय, आता कशाला गॅस जाळायचा, हा माझाच विचार.

माझा मोठा भाऊ वेल्ह्याकडच्या आमच्या गावी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. विहिरीत आणि टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकायची, मग नळाचं पाणी तपासायचं, हे त्याचं रोजचं काम. मे महिन्यात तो आला तेव्हा मी कौतुकाने मशीन दाखवलं आणि पिवळ्या पाण्याची गोष्ट सांगितली. त्याने ताट बाजूला सारलं. "अगं, पिवळं झालं म्हणजे पाण्यात टीसीएल आहे. आम्ही तर पिवळं व्हावं म्हणून धडपडतो. पिवळं झालं नाही तर सरपंच मला बोलतो."

ते थेंब ऑर्थोटोलिडीनचे होते. गावोगावी त्याला ओटी टेस्ट म्हणतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळा रंग देतं. नळापर्यंत पोहोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, कारण वाटेत जंतू शिरले तर त्यांना तेच मारतं. आमच्या पेल्यातलं पिवळं पाणी म्हणजे क्लोरीन शिल्लक असल्याची खूण. तीच खूण मला विष म्हणून दाखवली गेली, आणि जीबीएसच्या दिवसांत आमचा जो पहारेकरी होता त्यालाच घालवणाऱ्या मशीनला मी साडेसोळा हजार मोजले.

त्या रात्री मला झोप आली नाही. कांड्यांचं काय, हा प्रश्न उरला होता. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त विज्ञान शिक्षक राहतात. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगायचं होतं."

मग आम्ही त्यांच्या ओट्यावर ते करून बघितलं. नऊ व्होल्टची साधी बॅटरी, दोन लोखंडी खिळे, वायरचे तुकडे. (घरातल्या विजेच्या प्लगला जोडून हा उद्योग कुणीही करू नका, जिवावर बेतेल.) आरओच्या पाण्यात खिळे सोडले. अर्धा तास काहीच नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. एका खिळ्याभोवती लगेच बुडबुडे, दहा मिनिटांत पाणी हिरवट-गढूळ आणि संध्याकाळपर्यंत गंजाचा तपकिरी साका. आपल्या रोजच्या जेवणातलं मीठ होतं ते. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला खिळा बाहेर काढला तर झिजलेला दिसत होता. शाळेत शिकवलेलं विद्युत अपघटन ते हेच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचाच गंज पाण्यात तरंगतो. ती घाण पाण्यात नव्हतीच, कांडीतून आली होती. आरओच्या पाण्यातून क्षार काढलेले, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही आणि कांडी तशीच राहते. सरांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला रडू आलं. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते.

मीटरचंही तसंच. तो पाण्यातून किती वीज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज देतो. यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही आले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. आमचं होतं ९२! राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच म्हटलं होतं की जिथे टीडीएस ५००च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणावी, कारण त्यात पाणी फार वाया जातं. आमच्या मशीनचं एक बादली पिण्याचं पाणी भरेपर्यंत मोरीत तीन बादल्या निघत होत्या. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा खारट बोअरवेलवर आरओ लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याची मला भीती होती त्या जिवाणूला हा मीटर ओळखतच नाही. जंतूंनी भरलेल्या पाण्याचा टीडीएसही ११ दाखवू शकतो. त्याच महिन्यांत आमच्या भागातले पाणी विकणारे काही खासगी आरओ प्रकल्प महापालिकेने नमुने खराब निघाल्यामुळे बंद केले होते. ही बातमी मी वाचली होती, तरी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत.

जूनमध्ये सासूबाईंना तीन दिवस जुलाब झाले. ते मशीनमुळेच झाले असं मी म्हणणार नाही, मला ते सिद्ध करता येणार नाही. पण त्या दिवशी मशीनची टाकी उघडली तर आतून हाताला बुळबुळीत थर लागला. आतला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून घेतो, म्हणून त्या टाकीतल्या पाण्याला कसलंच संरक्षण उरत नाही. टाकी आणि फिल्टर वेळच्या वेळी साफ झाले नाहीत की जंतूंना तिथे मोकळं रान. सर्व्हिससाठी पावतीवरच्या नंबरवर फोन लावला, तो बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करायला बसले तेव्हा विक्रेत्याचं नाव-पत्ता नि बिल विचारलं गेलं. माझ्याकडे ते वहीचं पान होतं. पैसे मिळाले नाहीत.

तुमच्या दारात कुणी पेटी घेऊन आलं तर आधी ओळखपत्र हातात घ्या आणि ज्या कार्यालयाचं नाव सांगतात तिथे स्वतः फोन करा. रोख देऊ नका, पक्कं बिल मागा. आणि त्यांच्या पेल्यात मीठ टाकायला सांगा. पाण्याची खरी शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंची तपासणी तिथे होते, दिवाणखान्यात होत नाही.

दादाने जाताना ओटीची एक बाटली ठेवून दिली. आता मी रोज सकाळी पाणी आलं की एक थेंब टाकून बघते आणि प्यायचं पाणी खळखळ उकळते. मागच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस रंग आलाच नाही. खालच्या सरांना घेऊन सोसायटीची जमिनीतली टाकी उघडायला लावली. झाकणाच्या कडेला हात जाईल एवढी फट होती आणि शेजारीच ड्रेनेजचं चेंबर.